एकाच माणसासाठी कायदा: अमेरिकेतल्या ‘प्रायव्हेट रिलीफ’ बिलांची पार्श्वभूमी

अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, आजही कधीतरी असं बिल येतं की त्याच्या नावातच एखाद्या माणसाचं नाव असतं, ‘अमुक अमुक यांच्या रिलीफसाठी’. सगळ्या देशाला लागू होणारा कायदा नाही, फक्त त्या एका माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना सरकारने इतके डॉलर द्यावेत एवढंच. याला तिकडे प्रायव्हेट बिल म्हणतात. आपल्याकडे खासदार स्वतःहून मांडतात त्या अशासकीय विधेयकाशी याचा काही संबंध नाही.

ही पद्धत आली इंग्लंडकडून. राजावर खटला भरता येत नाही, राजाकडे अर्ज करायचा. अमेरिकेने राजाला घालवलं पण त्याची ही सोय तेवढी ठेवून घेतली, म्हणजे सरकारने स्वतः परवानगी दिल्याशिवाय सरकारवर दावा लावता येणार नाही. मात्र घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलेला, मग लोक थेट काँग्रेसकडेच जायला लागले. कुणाची स्वातंत्र्ययुद्धातली पेन्शन, कुणाचा 1812 च्या युद्धात गेलेला घोडा, कुणाचं जळालेलं घर. 1794 मध्ये हाऊसला, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाला, यासाठी क्लेम्सची (दाव्यांची) वेगळी कमिटी नेमावी लागली आणि नंतर शुक्रवार खास अशा खासगी बिलांच्या कामासाठी राखून ठेवायची वेळ आली. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स प्रेसिडेंट होऊन गेल्यावर परत हाऊसमध्ये निवडून आले होते, त्यांनी 1832 मध्ये डायरीत वैतागून लिहिलंय की काँग्रेसपुढे खासगी काम असूच नये, न्याय करायला सभागृहाइतकी वाईट जागा नाही. मला तरी त्यांचं पटतं, कारण ज्याचा खासदार वजनदार त्याचंच काम होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

1855 मध्ये सरकारवरचे असे दावे ऐकायला कोर्ट ऑफ क्लेम्स निघालं पण सुरुवातीला ते नावालाच कोर्ट, निकाल म्हणून काँग्रेसला फक्त शिफारस पाठवायची आणि काँग्रेसने परत पहिल्यापासून चर्चा करायची. 1861 मध्ये लिंकननी काँग्रेसला बजावलं की नागरिकांच्या आपसातल्या वादात न्याय देणं हे जसं सरकारचं कर्तव्य आहे, तसंच स्वतःविरुद्ध नागरिकाला तत्पर न्याय देणं हेही आहे. 1863 मध्ये कोर्टाला निकाल द्यायचे अधिकार मिळाले, 1887 च्या टकर अ‍ॅक्टने ते अजून वाढवले. तरी पेन्शनच्या बिलांचा पूर काही थांबेना. प्रेसिडेंट क्लीव्हलँडनी पहिल्याच टर्ममध्ये 414 व्हेटो केले त्यातले निम्म्याहून जास्त असल्या पेन्शन बिलांवर, आणि तरीही 1905 ते 07 च्या काँग्रेसने सहा हजारांवर खासगी कायदे पास केले!

शेवटी 1946 मध्ये फेडरल टॉर्ट क्लेम्स अ‍ॅक्ट आला. त्याच्या आदल्या वर्षी, 28 जुलैला, लष्कराचं बी-25 विमान धुक्यात एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळून 14 माणसं गेली होती, म्हणून हा कायदा 1 जानेवारी 1945 पासूनच्या घटनांना लागू केला. सरकारी माणसाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर आता कोर्टात जा, आणि अशा क्लेमची खासगी बिलं सभागृहात घ्यायचीच नाहीत असा नियमही झाला.

पण कायद्यात पळवाटाही ठेवल्या होत्या. 1947 मध्ये टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेट भरलेलं जहाज फुटून 500 हून जास्त लोक मेले, ते खत सरकारच्या परदेशी मदतीच्या प्रोग्रॅममधलं. 1953 मध्ये सुप्रीम कोर्ट 4 विरुद्ध 3 ने म्हणालं की हे धोरणात्मक निर्णय आहेत, भरपाई नाही. मग 1955 मध्ये काँग्रेसनेच या लोकांसाठी स्पेशल कायदा करून जवळपास 1 कोटी 70 लाख डॉलर वाटले. एका माणसासाठीचं बिल नव्हतं ते, पण रस्ता तोच, कोर्टात हरलो की चला काँग्रेसकडे.

दुसरी पळवाट जास्त वाईट. 1950 च्या फेरेस केसपासून सैनिकाला नोकरीत झालेल्या इजेबद्दल सरकारवर दावाच करता येत नाही. जेम्स स्टॅनली नावाचे एक सार्जंट, 1958 मध्ये केमिकल युद्धात वापरायच्या कपड्यांच्या चाचणीसाठी म्हणून मेरीलँडला स्वतःहून गेले आणि तिथे त्यांना न सांगता एलएसडी हे भास घडवणारं ड्रग पाजलं. त्यानंतर भास व्हायचे, रात्री अचानक उठून बायकोमुलांना मारायचे आणि सकाळी त्यातलं काहीच आठवायचं नाही, नोकरी गेली, संसार मोडला. का ते कळलं 1975 मध्ये, तेही आर्मीचं पत्र आलं म्हणून, की त्या वेळच्या ‘व्हॉलंटियर’ लोकांवर एलएसडीचा पुढे काय परिणाम झाला याचा अभ्यास चालू आहे, तुम्ही या! 1987 मध्ये सुप्रीम कोर्टात ते 5 विरुद्ध 4 ने हरले. मग खासगी बिल, आणि 1996 मध्ये लवादाने ठरवलेले 4 लाख डॉलर आणि वर थोडे.

त्याच्या आधीची फ्रँक ओल्सनची केसही एलएसडीचीच. लष्कराचे शास्त्रज्ञ, 1953 मध्ये सीआयएवाल्यांनी न सांगता ड्रिंकमधून एलएसडी दिलं आणि काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून ते गेले. घरच्यांना एलएसडीचं कळलं 1975 मध्ये. प्रेसिडेंट फोर्डनी व्हाइट हाऊसला बोलवून माफी मागितली, साडेबारा लाख डॉलरचं बोलणं झालं आणि 1976 मध्ये काँग्रेसने ते साडेसात लाखांवर आणून बिल पास केलं. सरकारची चूक सरकारलाच मान्य, तरी घासाघीस केलीच.

आता असं बिल सभागृहाने फेडरल क्लेम्स कोर्टाकडे तपासायला पाठवायचीही सोय आहे, पण रिपोर्ट बंधनकारक नाही, पैसे द्यायचे की नाही ते काँग्रेसच ठरवणार. पास होणारी बिलं आता अगदीच कमी, कित्येकदा दोन वर्षांत एकही नाही. फेरेसचा निकाल मात्र कायम आहे. डिसेंबर 2019 मध्ये लष्करी डॉक्टरांच्या चुकीसाठी सैनिकांना भरपाई मागायची वाट कायद्याने करून दिली, फक्त तो अर्ज कोर्टात नाही, लष्कराकडेच करायचा.