स्टार्ट दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर: गेमच्या दोन सुरुवाती

‘ऑकारिना ऑफ टाइम’चं इंट्रो तुला आठवतं का, असं दोन जणांना विचारून बघा. एक म्हणेल, हो, पहाटेच्या माळावरून नायक लिंक घोडा दौडवत जातो ते. दुसरा म्हणेल, छे, भर पावसात किल्ल्याचा पूल खाली येतो आणि पांढऱ्या घोड्यावरून राजकन्या झेल्डा पळून जाते, ते. ‘झेल्डा’ मालिकेतल्या १९९८ च्या या गेममध्ये दोन्ही दृश्यं आहेत आणि इंट्रो म्हणून दोन्ही सांगितली जातात. पण माळावरचा घोडा दिसतो तो स्टार्ट दाबण्याआधी आणि पूल उघडतो तो खेळ सुरू केल्यावर. मध्ये फक्त एक बटण असलं, तरी या दोन्हींचा हेतू निराळा, घडण निराळी, आणि संगीताकडून असलेली अपेक्षा तर पूर्णच निराळी.

पहिला प्रकार आला आर्केडमधून. मशीन दुकानात उभं असतं, समोर कोणी नसतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने नाणं टाकावं म्हणून ते स्वतःच काहीतरी दाखवत राहतं. याला अॅट्रॅक्ट मोड म्हणतात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये या वेळात चारही भुतांची नावानिशी ओळख करून दिली जाते: ब्लिंकी, पिंकी, इंकी, क्लाइड. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये गर्दीच्या मधोमध दोघे भिडतात, एकाचा ठोसा बसतो, कॅमेरा मागच्या उंच इमारतीवरून वर चढतो आणि गेमचं नाव झळकतं. गंमत म्हणजे ते दोघे गेममध्ये खेळायला मिळतच नाहीत. कथेशीही त्यांचा संबंध नाही. हाणामारीचा खेळ आहे, या, एवढंच ते सांगतात. बऱ्याच मशीनमध्ये या वेळचा आवाज बंद करायची सोयही आत बोर्डावर असायची, कारण तीच धून दिवसभर वाजत राहिली की दुकानदाराचं डोकं उठायचं.

दुसरा प्रकार म्हणजे कथेची प्रत्यक्ष सुरुवात. ‘न्यू गेम’ निवडलंत, तुम्ही समोर बसला आहात हे गेमला कळलं, आणि आता कोण, कुठे, कशासाठी हे सांगून कंट्रोलर तुमच्या हातात द्यायचा आहे. संगीत नाटक पाहिलेल्यांना हा फरक लगेच कळेल: एक नांदी, दुसरा पहिला प्रवेश.

ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघतो. दिसतंय ते कथेच्या काळात घडतंय का? ‘ऑकारिना’च्या माळावर दौडणारा लिंक मोठा झालेला आहे. खेळ सुरू होतो तेव्हा तो लहान मुलगा असतो, घोडा त्याच्याकडे नसतो आणि माळ त्याने पाहिलेलाही नसतो. म्हणजे ते दृश्य कथेत कुठेच बसत नाही. कोजी कोंदो यांनी त्याखाली घातलेलं संगीतही तसंच, कसलीच घाई नसलेलं. संथ सुरांवर ऑकारिनाची, म्हणजे फुंकून वाजवायच्या एका छोट्या वाद्याची, जी धून येते ती १९८६ च्या पहिल्या ‘झेल्डा’तल्या बासरीची आहे. जुन्या खेळाडूला ती क्षणात ओळखू येते, नव्याला नुसती गोड वाटते. याउलट पुलाचं दृश्य हे लिंकला पडलेलं स्वप्न आहे. त्यानंतर नावी ही परी जंगलातून उडत निघते, वाटेत कुंपणाला धडकते, आणि झोपलेल्या लिंकला उठवते. हे सगळं ज्या क्रमाने घडायचं त्याच क्रमाने, एकदाच घडतं.

एकदाच घडणं हा मुद्दा संगीतासाठी फार मोठा आहे. स्टार्टच्या आधीची धून किती वेळ वाजेल हे संगीतकाराला ठाऊक नसतं. कोणी दोन सेकंदांत बटण दाबेल, कोणी टीव्ही चालू ठेवून जेवायला जाईल. त्यामुळे ती धून कुठेही तुटली तरी चालली पाहिजे आणि कितीही फिरली तरी कंटाळा येता कामा नये. पहिल्या ‘झेल्डा’च्या टायटल स्क्रीनसाठी कोंदो यांना फ्रेंच संगीतकार रावेल यांचं ‘बोलेरो’ वापरायचं होतं. त्याच्या स्वामित्व हक्काची मुदत अजून संपलेली नाही हे ऐन वेळी लक्षात आलं, आणि त्यांनी एका रात्रीत गेममधल्याच मुख्य धुनेला नवा साज चढवला. तीच आज जगभर गुणगुणली जाते. पण ‘बोलेरो’ची मूळ निवडही किती नेमकी होती बघा. तीच तान पुन्हा पुन्हा, दर फेरीला थोडी भरत जाणारी. शेवट कधी येणार हे माहीत नसलेल्या स्क्रीनला याहून योग्य काय मिळणार होतं?

या प्रकारातलं माझ्या मते सर्वांत सुंदर काम १९८८ च्या ‘मेगा मॅन २’मध्ये आहे. रात्रीचं शहर दिसतं, खाली डॉक्टर वायलीच्या कारस्थानाच्या दोन-चार ओळी येतात, आणि मागे एक हळवी, जवळजवळ उदास धून वाजते. ही धून पहिल्या ‘मेगा मॅन’च्या शेवटी वाजणाऱ्या संगीतावरून घेतलेली आहे. म्हणजे जिथे गोष्ट संपली होती तिथूनच हात धरून पुढे नेतात. मग कॅमेरा एका इमारतीच्या भिंतीवरून वर सरकायला लागतो. सुरुवातीला सावकाश, मग वेगाने, खिडक्यांच्या रांगा झपाझप खाली जातात आणि त्या वेगाबरोबर संगीतही पेटतं. गच्चीवर मेगा मॅन उभा असतो. शिरस्त्राण काढलेलं, केस वाऱ्यावर. इथे चित्र थांबतं पण संगीत थांबत नाही, आणि तुम्ही स्टार्ट दाबेपर्यंत तो तिथेच उभा राहतो. दाबलंत की डोक्यावर शिरस्त्राण येतं आणि तो प्रकाशाचा झोत होऊन वर निघून जातो. वाट बघण्याची सक्ती होती, तिचंच नाट्य केलं. हा गेम ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलच्या साउंड चिपला सूर वाजवायला तीन आवाज, एक खरखरीचा आणि एक अगदी हलक्या प्रतीच्या नमुन्यांचा, एवढंच भांडवल होतं. ताकाशी तातेइशी यांनी तेवढ्यात हे उभं केलं.

आता दुसऱ्या बाजूचं उदाहरण घ्यायचं तर १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ला पर्याय नाही. काळ्या पडद्यावर तारे. त्यांतून हिरवट ठिणग्या, आणि त्या उजेडात एरिथचा चेहरा. ती गल्लीतून रस्त्यावर येते, कॅमेरा मागे आणि वर सरकत जातो, रस्ता लहान होतो, मोहल्ला लहान होतो आणि शेवटी मिडगार हे अख्खं लोखंडी शहर एका ताटलीसारखं खाली दिसतं. गेमचं नाव येतं. मग कॅमेरा उलटा खाली झेपावतो, मध्ये मध्ये धावत्या ट्रेनची चाकं दिसतात, ट्रेन फलाटावर थांबते, डब्याच्या टपावरून नायक क्लाउड उडी मारतो, आणि तो उतरला की कंट्रोलर तुमचा. नोबुओ उएमात्सु यांची एकच रचना हे सगळं पेलते. तारे असेपर्यंत ती जवळजवळ श्वास रोखून असते, शहर दिसताना फुलत जाते, ट्रेनबरोबर तिला ठेका लागतो आणि तुम्ही पळायला लागता तेव्हा तीच लढाईची धून झालेली असते. चित्रफीत कुठे संपली आणि खेळ कुठे सुरू झाला हे कानाला कळतच नाही, कारण संगीत आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं नसून प्लेस्टेशनची ध्वनी-चिप ते त्या क्षणी वाजवत असते. ही धून टायटल स्क्रीनवर गोल गोल वाजवून बघा, काही अर्थच उरणार नाही. तिला पोहोचायचं एक ठिकाण आहे.

म्हणूनच आठवणीतही या दोन गोष्टी वेगळ्या जागी राहतात, असं मला वाटतं. स्टार्टच्या आधीची धून आपल्याला गुणगुणता येते, कारण दर वेळी गेम लावला की ती ऐकलेली असते. नंतरच्या सुरुवातीचं आपल्याला दृश्य आठवतं, आणि संगीत त्या दृश्याला चिकटून येतं. आपल्याकडे याचं घरगुती उदाहरण ‘सॅन अँड्रियास’ आहे. २००४ च्या या गेममध्ये मायकल हंटर यांची ती सुस्त, ताठ चालीची धून लोडिंग स्क्रीनवर वाजते. सायबर कॅफेतल्या संथ कॉम्प्युटरवर लोडिंग बराच वेळ चालायचं, त्यामुळे गेमचं एकही मिशन धड पूर्ण न केलेल्यांनाही ती पाठ आहे. विमानतळावर उतरलेला नायक सीजे, त्याची टॅक्सी अडवणारा पोलीस टेनपेनी, हे मात्र सगळ्यांना प्रसंग म्हणूनच आठवतं. आणि ‘सुपर मारिओ’? कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर वाढलेल्यांनी आठवून बघा: त्याच्या टायटल स्क्रीनला संगीतच नाही. मारिओ स्वतःहून थोडा खेळून दाखवतो तेही मुक्याने. आपल्या कानात बसलेली धून पहिल्या लेव्हलची आहे.

दोन्ही सुरुवाती एकमेकींशी बोलताना ऐकायच्या असतील तर १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ लावा आणि कंट्रोलर खाली ठेवा. अंधारात लंबक झुलतो, टिकटिक ऐकू येते, नाव येतं. बटण न दाबता थांबलात तर यासुनोरी मित्सुदा यांची मुख्य धून उसळून येते आणि पुढे येणारे प्रसंग, वेगवेगळी युगं, अजून न भेटलेली माणसं भराभर दिसायला लागतात. भीती आणि घाई दोन्ही त्या संगीतात आहेत. आता ‘न्यू गेम’ निवडा. समुद्रपक्ष्यांचा आवाज, दूर वाजणारी घंटा, आणि आई खिडकीचा पडदा बाजूला करून क्रोनोला हाका मारते: ऊठ, लीनची घंटा किती छान वाजतेय. ज्याने लंबकाचं सगळं पाहिलं, त्याला ही सकाळ टिकणार नाही हे माहीत आहे. क्रोनोला माहीत नाही. ज्याने घाईघाईत स्टार्ट दाबला त्याला ती नुसती एक निवांत सकाळ वाटते. एकच प्रसंग, पण आधी काय ऐकलं त्यावर त्याचं वजन बदलतं. माझ्या मते हा गेमच्या सुरुवातींमधला सर्वांत हुशार डाव आहे.

अलीकडच्या गेममध्ये पहिला प्रकार आकसत चालला आहे. घरात नाणं टाकायचं नसतं, गेम कन्सोलच्या मेनूतून थेट उघडतो, तिथे कोणाला बोलावून घ्यायची गरज उरत नाही. उरतं ते मेनूचं संगीत. पण ते काही कमअस्सल नाही. ‘किंगडम हार्ट्स’चा योको शिमोमुरा यांचा पियानो ऐकायला लोक मेनूवर थांबून राहतात. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये काळ्या पडद्यावर फक्त चिन्ह आणि ड्रॅगनच्या कल्पित भाषेत गाणारा समूह, तीस गायकांचे आवाज तीनदा रेकॉर्ड करून एकमेकांवर चढवलेले. त्यानंतर हात बांधलेल्या अवस्थेत घोडागाडीत जाग येते आणि समोरचा कैदी म्हणतो, जागा झालास एकदाचा. हे दृश्य खरं तर एकदाच बघायचं. पण नवं पात्र घेऊन पुन्हा पुन्हा खेळ सुरू करणारे इतके, की ते वाक्य कुठल्याही धुनेइतकं पाठ झालं आणि इंटरनेटवर त्याचे विनोद झाले. कितीदा ऐकलं, यावरच शेवटी सगळं ठरतं हे इथे दिसतं.

एका गेमने मात्र ही वाटणीच मोडली होती, आणि तीही १९८७ मध्येच. पहिल्या ‘फायनल फँटसी’त सुरुवातीला उएमात्सु यांची सुरांच्या चढउताराची ती प्रसिद्ध धून वाजते आणि तुम्ही सरळ खेळायला लागता. गार्लंड या दुष्ट सरदाराला हरवून राजकन्येला सोडवायचं, मग राजा पूल बांधून देतो, आणि त्या पुलावर पाऊल ठेवलं की खेळ थांबतो. चार वीरांच्या पाठमोऱ्या आकृती, पलीकडे पसरलेला देश, गेमचं नाव, आणि पहिल्यांदाच ऐकू येणारी मुख्य धून. गेमची पाटी कथेच्या आत, एक मोहीम फत्ते केल्यावर. तिला मी दुसऱ्या प्रकारात धरतो, कारण तोवर स्टार्ट दाबून बराच वेळ झालेला असतो आणि ती धून ऐकण्याचा हक्क तुम्ही गार्लंडशी लढून मिळवलेला असतो.