पार्श्वभूमी: अर्ध्या ‘र’ची दोन स्पेलिंगं

शिशाच्या खिळ्यांच्या काळात खास अक्षर म्हणजे केसमधला, अर्थात खिळ्यांच्या खोक्यातला, एक कप्पा. खिळा असला तर लावायचा, नसला तर काहीतरी निभावून न्यायचं. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र आज संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, ही भानगड मात्र नवी. ती कळायला आधी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्या, दुकानात डोकवावं लागतं.

नव्वदच्या दशकात पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरांत मराठी उमटायची ती संगणकाला फसवून. फाँटात जागा २५६, त्यातल्या काही संगणकाने स्वतःसाठी राखलेल्या. उरलेल्यांतून इंग्रजी अक्षरं हुसकावून तिथे काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं कोंबलेली. की-बोर्डावर जे मावत नसे ते ऑल्ट दाबून आकड्यांनी काढायचं. त्याचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असे आणि मुरलेला ऑपरेटर त्याकडे बघतही नसे. पण संगणकाच्या लेखी ऑल्ट ०१६९ म्हणजे ©च, मग फाँट तिथे काहीही दाखवो. मराठी ओळीत खरोखरचं © हवं असलं तर तेवढ्यापुरता इंग्रजी फाँट लावायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने दुसरीचा फाँट लावला की पानभर कचरा.

अर्धा र या फसवाफसवीत सुखी होता. एक जागा, एक चित्र. तो अडचणीत आला युनिकोडमुळे, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक जागा देणाऱ्या प्रमाणामुळे.

१९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, मांडणी भारतीय ‘इस्की’ प्रमाणावर बेतलेली. र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य असं टाइप केलं की ‘र्य’ मिळतो, रफारवाला. पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणावळीचे पैसे द्यायचे. मराठीला दोन्ही लागतात. इस्कीची तोड अशी होती की द्राविडी भाषांसाठी ठेवलेला, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा. हलन्त दिला की त्याचा अर्धा र होतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र वेगळी वाट होती: साधा र, हलन्त आणि मागोमाग ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं न दिसणारं चिन्ह. पुढे इस्कीची वाट मुख्य ठरली, पण लिहून झालेला मजकूर मोडू नये म्हणून जुनीही चालू ठेवली.

जुनं न मोडणं हा त्या प्रमाणाचा कणा आहे, हे मान्य. किंमत मात्र मोजली मराठीने (आणि ‘गऱ्यो’ लिहिणाऱ्या नेपाळीने). हिंदीला या अक्षराची गरजच नाही. अर्ध्या रला स्वतःची एक जागा देता आली असती, असं मला अजूनही वाटतं. आता ‘वऱ्हाड’ डोळ्यांना एक आणि संगणकाला दोन. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडेलच असं नाही. न दिसणारं चिन्ह वाटेत कुठल्याशा सॉफ्टवेअरने गाळलं की ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. संकेतस्थळांवर हे रोज दिसतं आणि शिव्या मात्र मुद्रितशोधकाला. जुन्या फाँटातून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर ज्याने त्याने आपल्या समजुतीने बनवले, त्यामुळे एकाच संग्रहात दोन्ही पद्धती नांदतात.

डिझाइनची सॉफ्टवेअरं या वादात फार उशिरा उतरली. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून अधिकृतपणे आली. आजही परिच्छेदाच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसला तर अर्धा र सोडाच, पहिली वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे पडते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण की-बोर्डावर शिफ्टसह जे आणि मग डी दाबलं की इस्कीच्या पद्धतीचा र मिळतो.

बाकीच्या चिन्हांचं त्या मानाने सरळ निभावलं. ‘ॲ’ला २००८मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत होते. रुपयाचं चिन्ह जुलै २०१०मध्ये ठरलं आणि ऑक्टोबरात युनिकोडमध्ये गेलंही. मधल्या काळात फाँटवाल्यांनी ते की-बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या टिचकीच्या (`) जागी बसवलं होतं, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर बिलात ` ५०० दिसे.

लग्नपत्रिका छापणारे काहीजण अजून कोरलड्रॉ आणि जुन्या फाँटवरच आहेत. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर ते कन्व्हर्टरमधून उलटा नेतात, आणि मग ‘समस्त वऱ्हाडी मंडळी’ तेवढं हाताने तपासतात.