मोबाइल हँडसेट : रोख खरेदी आणि कंपनी-करार

मोबाइल हँडसेट घेण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत ग्राहक दुकानात पूर्ण किंमत मोजतो आणि सिम कार्ड कोणत्या कंपनीचे घालायचे ते स्वतः ठरवतो. दुसरीत सेवा देणारी कंपनी हँडसेट बऱ्याच कमी किमतीत देते आणि त्या बदल्यात, बहुधा दोन वर्षे, आपलीच सेवा वापरण्याचा करार करून घेते. कंपनी ही सूट मासिक बिलातून वसूल करते, करार मध्येच मोडला तर दंड लावते आणि पुष्कळदा दुसरे सिम चालू नये म्हणून फोन लॉक करून ठेवते. अमेरिकेत रुळलेल्या या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष असा, की हँडसेटची किंमत फिटल्यावरही बिल आपोआप उतरत नसे. जुना फोन जपून वापरणारा माणूस न घेतलेल्या फोनचे पैसे भरत राही. तेथे टी-मोबाइलने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली आणि पुढे इतर मोठ्या कंपन्याही तिच्यापासून दूर झाल्या.

भारतात हे करार रुजले नाहीत. रिलायन्स इन्फोकॉमने २००३ साली ‘मान्सून हंगामा’ योजनेत सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन सीडीएमए या मोबाइल तंत्रावर चालणारे हँडसेट दिले. मात्र अनेकांची बिले थकली. बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्याने त्यांना दरमहाच्या बिलाने बांधून ठेवण्याची सोयही नव्हती. २००८ मध्ये आयफोन ३जी अमेरिकेत दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरपासून मिळत होता, तर भारतात त्याच ८ जीबी फोनची किंमत ३१,००० रुपये होती. ही तफावत पाहून फोन इथे अकारण महाग आहे असे पुष्कळांना वाटले, पण अमेरिकी किमतीचा उरलेला भाग बिलात दडलेला होता. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा रोखीने घेतलेल्या फोनची मोकळीक अधिकच उपयोगी ठरली.

पुण्यात आज पूर्ण किमतीला खरा पर्याय आहे तो हप्त्यांचा, म्हणजे ईएमआयचा. बजाज फायनान्ससारख्या कंपनीचे मुख्यालयच या शहरात आहे, आणि मोठ्या मोबाइल दुकानांत काउंटरच्या कडेला फायनान्सचा प्रतिनिधी बसलेला असतो. तो आधार व पॅन पाहतो, ओटीपी विचारतो आणि थोड्याच वेळात कर्ज मंजूर झाल्याचे सांगतो. सेवा कंपनीचे बंधन इथे नाही, पण किंमत दडण्याचा धोका तोच आहे. बिनव्याजी हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते आणि ते बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात घेतले जाते. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न “रोख दिले तर किती पडेल?” हाच असावा. समजा, १८,००० रुपयांचा फोन रोखीने १७,००० ला मिळतो आणि हप्त्यांवर ३,००० चे सहा हप्ते व ५०० रुपये फी पडते, तर सहा महिन्यांच्या उधारीचा खर्च १,५०० रुपये होतो, मग जाहिरातीत व्याज शून्य का लिहिलेले असेना.