इंडोनेशियातील ब्रिटिश हिंदी फौज (१९४५–४६)

दुसरे महायुद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ ते नोव्हेंबर १९४६ या काळात ब्रिटनने जावा आणि सुमात्रा बेटांवर ठेवलेले सैन्य. कागदोपत्री त्याची कामे दोन होती: शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रे काढून घेणे आणि त्यांच्या छावण्यांत अडकलेल्या युरोपीय कैद्यांची सुटका करणे. प्रत्यक्षात डचांची वसाहती सत्ता परत येईपर्यंत मोक्याची शहरे या सैन्याने धरून ठेवली, आणि त्यासाठी नुकतेच स्वातंत्र्य जाहीर केलेल्या इंडोनेशियन लोकांशी ते लढले. बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानातले, म्हणजे स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशातले होते. पूर्व जावातल्या सुराबाया शहरात सर्वांत आधी उतरलेल्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या होत्या. बर्मा, इटली, आफ्रिका इथल्या मराठा पलटणींच्या लढाया आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. सुराबायाचे नाव त्या ओघात क्वचितच येते.

डचांनी मार्च १९४२ मध्ये जपानपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हाच त्यांचा दरारा संपला होता. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता यांनी जाकार्तामध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. नेदरलँड्स हा देश स्वतःच मे महिन्यात जर्मनांच्या तावडीतून सुटलेला. समुद्रापलीकडे पाठवायला त्याच्याकडे फौज नव्हती, जहाजेही पुरेशी नव्हती. जपानच्या शरणागतीच्या दिवशीच जावा बेट माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे सोपवण्यात आले. २४ ऑगस्टला ब्रिटन आणि नेदरलँड्स यांच्यात करार झाला. त्यानुसार ब्रिटिश फौजेने प्रदेश ताब्यात घ्यायचा आणि मुलकी कारभार डच अधिकाऱ्यांनी चालवायचा असे ठरले. इंडोनेशियात काय चालले आहे याची नीट माहिती त्या वेळी लंडनलाही नव्हती आणि डच सरकारचे ठाणे असलेल्या हेगलाही. सारा करार जणू १९४१ सालातच बसून केलेला वाटतो.

ब्रिटनने हे ओझे का उचलले? मैत्री हे एक कारण होतेच. पण मलाया आणि सिंगापूर ब्रिटनला स्वतःसाठी परत हवे होते. शेजारी डचांचे राज्य कोसळले तर त्याची झळ आपल्याला लागेल, हा हिशेब त्यात होता. त्याच सुमाराला सायगावमध्ये जनरल ग्रेसी यांची विसावी हिंदी डिव्हिजन फ्रेंचांना पुन्हा सत्तेवर बसवत होती. जावात मात्र समोर एक प्रजासत्ताक उभे होते, त्याच्याकडे मंत्रिमंडळ होते आणि जपान्यांकडून मिळालेल्या बंदुका होत्या.

जावाची मोहीम लेफ्टनंट जनरल फिलिप क्रिस्टिसन यांच्याकडे होती. डचांसाठी इंडोनेशियन लोकांशी लढण्याची आपली इच्छा नाही, असे त्यांनी सुरुवातीला उघड सांगितले आणि प्रजासत्ताकाच्या नेत्यांशी बोलणी सुरू केली. हेगमध्ये त्यावर संतापाची लाट उसळली. पण कैदी देशभर विखुरलेले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर आतल्या शहरांत फौज न्यावी लागे, आणि फौज गेली की तिच्या सावलीत डच अधिकारी येत. इंडोनेशियन तरुणांना हे लगेच उमगले. सुटकेच्या नावाखाली राज्य परत आणले जात आहे, असा त्यांचा संशय होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. छावण्यांतल्या डच स्त्रिया आणि मुलांचे हालही तितकेच खरे होते. त्यांतल्या अनेकांना त्या महिन्यांत तरुणांच्या टोळ्यांनी ठार मारले. ब्रिटिशांनी शरण आलेल्या जपानी तुकड्यांनाही पहाऱ्याला आणि काही ठिकाणी थेट लढाईला जुंपले. ज्यांची शस्त्रे काढून घ्यायची, त्यांच्याच हाती ती राहू दिली, ही या मोहिमेची सर्वांत विचित्र बाजू.

ब्रिगेडियर मॅलबी यांची एकोणपन्नासावी हिंदी ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ रोजी सुराबायाच्या बंदरात उतरली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी पलटण होती, आणि राजपुताना रायफल्सची एक. त्यांपैकी चौथ्या पलटणीने दीड वर्षापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांचा जबर हल्ला झेलला होता. ती लढाई घरच्या सरहद्दीवरची होती. इथे शिपायांना शत्रू कोण हेच कळेना. शहरात भिंतीभिंतीवर स्वातंत्र्याच्या घोषणा लिहिलेल्या, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच जपान्यांचे शस्त्रसाठे इंडोनेशियन लोकांच्या हाती गेलेले.

मॅलबींनी पहिल्याच दिवसांत स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला. वाटाघाटींतला एक प्रमुख माणूस होता डॉक्टर मुस्तोपो, पेशाने दंतवैद्य आणि आता सेनानी. ब्रिटिश फक्त जपान्यांची शस्त्रे घेतील, इंडोनेशियन लोकांची नाही, असे ठरले. शिपाई इमारती, पूल, कचेऱ्या, इस्पितळे अशा ठिकाणी छोट्या छोट्या तुकड्यांनी पांगले. समझोत्याची शाई वाळते न वाळते तोच २७ ऑक्टोबरला जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली: अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे जमा करा, नाहीतर गोळी घालू. मॅलबींना या पत्रकांची आधी कल्पना नव्हती. पण ती वरिष्ठांच्या सहीची होती, म्हणून हुकूम पाळण्यावाचून त्यांना गत्यंतर राहिले नाही. इंडोनेशियन लोकांनी याचा अर्थ सरळ दगा असा घेतला.

२८ तारखेला संध्याकाळच्या सुमारास शहर उसळले. नव्या सेनेचे हजारो सैनिक आणि त्यांच्या मागे भाले-तलवारी घेतलेला अफाट जमाव पांगलेल्या ठाण्यांवर चालून गेला. स्त्रिया-मुलांना घेऊन चाललेल्या लॉऱ्यांच्या ताफ्याला रस्त्यातच घेरले गेले आणि रखवालीचे हिंदी शिपाई आसपासच्या घरांत शिरून लढत राहिले. काही ठाण्यांवर काडतुसे संपली आणि तिथले शिपाई कापले गेले. पूर्ण ब्रिगेडच नाहीशी होते की काय अशी वेळ आल्यावर ब्रिटिशांनी सुकार्नो आणि हत्ता यांनाच विमानाने सुराबायाला आणले. ज्या सरकारला मान्यता द्यायची नाही, त्याच सरकारच्या अध्यक्षाकडे आपली माणसे वाचवण्यासाठी धाव घ्यावी लागली.

३० ऑक्टोबरला युद्धबंदी ठरली आणि दोन्ही नेते परतले. पण कालीमास नदीवरच्या लाल पुलाजवळ, इंटरनॅशिओ या डच व्यापारी कंपनीच्या इमारतीत सहाव्या मराठा पलटणीची एक तुकडी अजून अडकलेली होती. बाहेर संतापलेला जमाव आणि आत खिडक्यांशी बंदुका रोखून बसलेले शिपाई, अशा स्थितीत मॅलबी दोन्ही बाजूंच्या संपर्क समितीसह तिथे मोटारीने आले. आतून गोळीबार सुरू झाला. तो कोणत्या हुकमावर झाला, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. अंधार पडल्यावर एका इंडोनेशियन तरुणाने मोटारीत बसलेल्या मॅलबींना गोळी घातली. त्यांच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी हातगोळा फेकला, नदीत उड्या टाकल्या आणि ते पोहत निसटले. जळून कोळसा झालेल्या त्या मोटारीचे छायाचित्र आजही या प्रकरणाची ओळख म्हणून छापले जाते.

मॅलबींच्या मृत्यूनंतर ब्रिटिशांनी तडजोडीची भाषा सोडली. मेजर जनरल मॅन्सर्ग यांची पाचवी हिंदी डिव्हिजन रणगाड्यांसह उतरवण्यात आली. ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा खलिता गेला: दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत शस्त्रे टाका आणि हात वर करून शरण या. पूर्व जावाचे गव्हर्नर सुर्यो यांनी रात्री रेडिओवरून नकार कळवला. ‘बुंग तोमो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाची आवेशपूर्ण भाषणे तर आधीपासूनच त्याच रेडिओवरून घुमत होती. १० नोव्हेंबरला युद्धनौकांच्या तोफा, विमाने आणि पायदळ यांचा एकत्र मारा सुरू झाला. बहुतेक शहर काही दिवसांत पडले, पण गल्लीबोळांतली लढाई तीन आठवडे चालली. इंडोनेशियन मृतांचे अंदाज सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत जातात. पुढेही हेच सत्र चालले. जाकार्ताजवळच्या बेकासीत उतरावे लागलेल्या ब्रिटिश विमानातल्या माणसांना जमावाने मारले, तेव्हा बदला म्हणून ब्रिटिशांनी डिसेंबरमध्ये ती वस्ती जाळली. मार्च १९४६ मध्ये दक्षिण बांडुंग सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा लोकांनी स्वतःच घरे पेटवून शहर रिकामे केले.

हिंदुस्थानात या सगळ्याचे पडसाद उमटत होते. योगायोग असा की ब्रिगेड सुराबायात उतरली त्याच २५ ऑक्टोबरला देशात ठिकठिकाणी, इंडोनेशियासारख्या देशांना पाठिंबा म्हणून, आग्नेय आशिया दिन पाळला जात होता. हिंदी फौज दुसऱ्यांचे स्वातंत्र्य चिरडायला वापरली जाते, यावर नेहरूंनी वारंवार टीका केली. १० नोव्हेंबरचा मारा सुरू होण्याच्या पाच दिवस आधी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला उभा राहिला होता, त्यामुळे ‘हिंदी शिपाई कुणासाठी लढतो’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी होता. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला, त्यात हिंदी खलाशीही उतरले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर नाविकांचे बंड झाले. बरे अन्न, गोऱ्यांइतका पगार या मागण्यांच्या जोडीला त्यांनी इंडोनेशियातून हिंदी फौज मागे घ्या ही मागणीही ठेवली होती. खुद्द जावात सुमारे ६०० शिपाई फौज सोडून पलीकडे गेल्याचे सांगितले जाते. त्यांत मुसलमान शिपाई जास्त होते. समोरच्या गावांतून येणारी अजान आणि आपल्या हातातली बंदूक यांचा मेळ बसवणे त्यांना जड गेले असणार. बाकीचे हुकमाप्रमाणे लढले. मोहिमेत ब्रिटिशांच्या बाजूची सहाशेहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक हिंदी.

मार्च १९४६ पासून अमेरिकेत तालीम घेतलेले डच मरीन अमेरिकन साहित्यासह सुराबायात येऊ लागले आणि शहर टप्प्याटप्प्याने त्यांच्या हवाली झाले. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड किलर्न यांच्या मध्यस्थीने डच आणि प्रजासत्ताक यांच्यात लिंगाजातीचा समझोता झाला आणि ३० नोव्हेंबर १९४६ रोजी ब्रिटिश फौज निघाली, तेव्हा तिच्या जागी ५५ हजारांच्या आसपास डच सैन्य उभे होते. ब्रिटनने विकत घेऊन दिलेल्या या चौदा महिन्यांच्या बळावर डचांनी १९४७ आणि १९४८ मध्ये दोन मोठ्या चढाया केल्या. त्या काळात दिल्लीची बाजू उघड प्रजासत्ताकाची होती. बिजू पटनाईक यांनी विमानाने प्रजासत्ताकाचे नेते सुतान शाहरिर यांना जावातून बाहेर काढले आणि जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद बोलावली. दुसऱ्या चढाईनंतर अमेरिकेने डच ईस्ट इंडीजसाठीची मार्शल योजनेची, म्हणजे युद्धोत्तर उभारणीसाठीची, मदत रोखली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व सोडले.

१० नोव्हेंबर हा इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळला जातो. लाल पूल आणि त्याच्याजवळची इंटरनॅशिओची इमारत अजून उभी आहे. मॅलबींची कबर जाकार्ताच्या युद्धस्मशानात आहे.