अस्थिसुषिरता, रजोनिवृत्तीनंतरची

पाळी कायमची गेल्यावर स्त्रीच्या हाडांची घनता झपाट्याने घटून ती ठिसूळ होण्याचा विकार. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. सुश्रुतसंहितेत हे वय पन्नास सांगितले आहे. भारतीय स्त्रियांत आज ते सरासरी ४६-४७ च्या आसपास आढळते. ‘पिशवी’ काढताना बीजकोशही काढले, तर वय कितीही असो, रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते.

‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्द स्ट्रासबर्गच्या झां लोबस्टाइन यांनी १८२० ते १८३५ च्या दरम्यान योजला असावा. त्यांनी पाहिलेली हाडे आजच्या अर्थाने याच विकाराची होती का, याविषयी मात्र शंका घेतली जाते. पाळी जाण्याशी त्याचा संबंध जोडण्याचे श्रेय बॉस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांना (१९४०-४१) देणे अधिक सयुक्तिक. नवे हाड घडणे मंदावते, असे त्यांचे मत होते. पुढे ते मागे पडले: इस्ट्रोजेन (बीजकोशांतून स्रवणारे स्त्री-संप्रेरक) घटल्यावर हाड झिजवणाऱ्या पेशी अनावर होतात आणि घडण त्या वेगाला पुरी पडत नाही, असे आता मानतात. पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वाधिक. मणके दबून उंची घटते. नेहमीच्या उंचीवर नेसलेल्या साडीचा काठ जमिनीला लागू लागतो, तरी ते वयावर ढकलले जाते. निदान बहुधा मोरीत घसरून मनगट मोडल्यावरच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर (तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीशी हाडांच्या घनतेची तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास हा विकार समजतात.

संप्रेरकोपचाराने ही झीज थांबते, पण गोळी बंद केली की पुन्हा सुरू होते. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत (१६,६०८ स्त्रिया) खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक-तृतीयांशाने घटले. तरी स्तनकर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याने २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवण्यात आली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. म्हणून साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास फायद्या-तोट्याचा हिशेब निराळा असतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन (दुसऱ्या प्रकारचे स्त्री-संप्रेरक) द्यावेच लागते.

आहाराने इस्ट्रोजेनची जागा भरून निघत नाही. हाडाला लागणारा कच्चा माल तेवढा मिळतो. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत नाचणीला नागली म्हणतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. तिच्यातील फायटेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे ते सगळे अंगी लागत नाही. मोड आणून वा आंबवून फायटेट कमी होते, त्यामुळे भाकरीपेक्षा आंबील सरस. दूध, दही व तीळ हे इतर स्रोत.

कॅल्शियम अंगी लागायला हव्या असणाऱ्या ड जीवनसत्त्वाला लागणारे ऊन नाशिकला भरपूर. पण द्राक्षबागेत राबणारी बाई पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तोंडाला फडके बांधते, त्यामुळे ते ऊन कातडीपर्यंत फारसे पोचत नाही.