रिकामे घर मोठे दिसते का?

घर विकायचे असेल तर ते पूर्ण रिकामे करून दाखवावे, म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात, हा समज सोलापूर शहरात जुळे सोलापुरापासून होटगी रस्त्यापर्यंत सर्वत्र ऐकू येतो; तो खरा नाही. मोकळ्या खोलीत नजरेला माप मिळत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सहा बाय पाच फुटांचा पलंग मांडून त्यावर साधी सोलापुरी चादर अंथरली, की कपाट कुठे बसेल आणि वावरायला किती जागा उरेल, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते. रिकाम्या भिंतींवर मात्र खिळ्यांची भोके आणि ओलीचे डागच आधी दिसतात. अर्थात अडगळ काढायलाच हवी. माळ्यावरची भांडी कोणालाही मोह पाडत नाहीत.

ओल रंगाखाली झाकणे ही सजावट नव्हे. सहज न दिसणारा, पण विक्रेत्याला ठाऊक असलेला मालमत्तेतील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे, वेगळा करार नसल्यास, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. शिवाय नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात अनुभवी गिऱ्हाईक पडद्यांपेक्षा आधी पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून पाहते.