डिस्क वाढली, पण फेरफार राहिला

फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असतो. दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसमध्ये तेव्हा रात्रपाळीही चालते. अशाच एका पॅकहाउसचं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, मी सांभाळतो. पेट्यांची लेबलं, बागांच्या नोंदी, मालाचे फोटो, सगळं त्यावर. त्या वर्षी त्याची 40 जीबीची डिस्क भरत आली. मी नाशिकरोडला घरी बसून कंट्रोल पॅनेलवर ती 100 जीबीची केली आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन आला. तिथला मुलगा विचारत होता, "दादा, डिस्क वाढवली ना तुम्ही? मग इथं अजून 40च का दाखवतंय?"

मी म्हटलं, "अरे, खरेदीखत झालंय, फेरफार व्हायचाय." शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. शेजारचं रान विकत घेतलं, निबंधकाच्या ऑफिसात सह्या-अंगठे झाले, तरी तलाठ्याकडे फेरफार धरून तो मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच क्षेत्र दिसतं. डिस्कचंही तेच आहे. फरक एवढाच, की इथे सातबारे एकावर एक असे तीन-चार असतात. प्रत्येकावर "हद्द इथे संपते" असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येकजण आपल्याच कागदावर विश्वास ठेवतो. हे कागद एकाच वेळी, एका हाताने लिहिले गेलेले नाहीत. त्यांच्यात दशकांचं अंतर आहे. ते कसे साचत गेले हे कळलं, की डिस्क वाढवताना इतक्या पायऱ्या का चढाव्या लागतात तेही कळतं.

व्हर्च्युअल डिस्क ही अलीकडची गोष्ट वाटते, पण ती पीसीपेक्षा जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्ये व्हीएम/370 ही प्रणाली आणली. एकाच मेनफ्रेमवर अनेकांना स्वतःचं वेगळं यंत्र मिळाल्यासारखं वाटायचं, आणि यंत्र म्हटलं की डिस्क आलीच. खरी डिस्क महाग, म्हणून तिचे सिलिंडर, म्हणजे वर्तुळाकार पट्टे, मोजून तुकडे पाडायचे आणि अमक्या सिलिंडरपासून तमक्यापर्यंत तुमचं, अशी नोंद करायची. या तुकड्याला मिनिडिस्क म्हणत. जागा कमी पडली तर दुसरीकडे मोठी मिनिडिस्क पाडायची, सगळं तिच्यावर उतरवायचं आणि जुनी मोकळी करायची. आहे तिथेच पसरायची सोय सहसा नसायची, कारण पुढच्या सिलिंडरवर दुसऱ्याचं बिऱ्हाड असायचं.

आपल्याला आजही नडतो तो कागद मात्र 1983 चा आहे. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी 10 एमबीच्या हार्ड डिस्कसह आला आणि सोबत डॉस 2.0. डिस्कच्या अगदी पहिल्या, 512 बाइटच्या सेक्टरमध्ये एक छोटा तक्ता ठेवला गेला. 16 बाइटची एक नोंद, अशा चार नोंदी, एकूण 64 बाइट. प्रत्येक नोंदीत पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक वाटा, कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि किती सेक्टर लांब आहे, हे मुख्य. सेक्टरचा आकडा 32 बिटांचा, म्हणजे 512 ने गुणून 2 टीबीची कमाल मर्यादा. 10 एमबीच्या काळात ती कुणाला टोचणार होती? चारपेक्षा जास्त वाटे हवेत म्हणून पुढे एक्स्टेंडेड पार्टिशन आलं. एका नोंदीच्या पोटात आणखी नोंदी, आपल्याकडच्या पोटहिश्श्यासारख्या.

या तक्त्यात खोट अशी नाही. पण त्यात एक गृहीतक आहे, की पार्टिशन सलग असतं. म्हणून ते वाढवायचं तर त्याच्या लगेच पुढची जागा रिकामी हवी. डिस्कच्या टोकाला भले 60 जीबी मोकळी असो, मध्ये दुसरं पार्टिशन असेल तर ती जागा तुमच्या कामाची नाही. बांधापलीकडचं रान तुमचं, पण मधला पट्टा परक्याचा. बरीच वर्षं यावर एकच उपाय होता: सगळं टेपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढायचं, पार्टिशन पुसायचं, नव्याने आखायचं, परत भरायचं. नव्वदच्या दशकात पॉवरक्वेस्ट कंपनीचं पार्टिशन मॅजिक आलं आणि माहिती न पुसता पार्टिशन सरकवता येऊ लागलं. ज्यांनी ते भारनियमनाच्या वर्षांत वापरलं, त्यांना पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना जीव कसा मुठीत धरून बसावं लागायचं ते आठवत असेल. मध्येच वीज गेली तर अर्धी माहिती जुन्या जागी, अर्धी नव्या.

मोठ्या युनिक्स यंत्रांवर हे दुखणं आधी सुटलं. आयबीएमने 1990 मध्ये आरएस/6000 यंत्रांसोबत आपल्या युनिक्सची, एआयएक्सची, तिसरी आवृत्ती दिली, तिच्यात लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर होता. डिस्कचे सारख्या मापाचे बारीक तुकडे करायचे, त्यांचा एक गट करायचा आणि त्यातून लागतील तितके तुकडे एका व्हॉल्यूमला द्यायचे. तुकडे एकमेकांना लागून असण्याची गरज नाही, एका डिस्कवर असण्याचीही नाही. लिनक्सवर हे काम हाइन्झ माउएल्सहागेन यांनी 1998 मध्ये एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सच्या धर्तीवर आणलं. तिथे तुकड्याचं नेहमीचं माप 4 एमबी. सलगपणाची अट गेली, ही माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुटका. पण तिच्याबरोबर आणखी एक कागद वाढला: डिस्क, तिच्यावर पार्टिशन, त्यावर व्हॉल्यूम, त्यावर फाइल सिस्टिम.

फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची वही, हा सगळ्यात वरचा कागद. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यात डिस्कचे गट पाडलेले असतात. 4 केबीचा ब्लॉक धरला तर एक गट 128 एमबीचा. वाढवायचं म्हणजे शेवटच्या गटापुढे नवे गट मांडायचे आणि सुरुवातीच्या यादीत त्यांची नोंद करायची. अडचण यादीचीच होती. ती सुपरब्लॉकला, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मुख्य माहितीच्या पानाला, खेटून असते आणि तिच्या लगेच पुढे इतर माहिती सुरू होते, मग यादी लांबवायची कुठे? उपाय साधा निघाला: फाइल सिस्टिम बनवतानाच यादीपुढे काही ब्लॉक राखून ठेवायचे. आज एक्स्ट4 बनवली की मूळ आकाराच्या 1024 पटीपर्यंत वाढेल इतकी जागा आपोआप राखली जाते. थिओडोर त्सो यांचं रिसाइझ-टू-एफएस हे आकार बदलायचं साधन हेच राखीव ब्लॉक वापरतं. म्हणूनच काम चालू असताना, कुणालाही न उठवता, फाइल सिस्टिम मोठी होते. पॅकहाउसमध्ये रात्री लेबलं छापणं थांबलं नाही, ते याच दूरदृष्टीमुळे.

हे सगळे थर मुळातून नाकारणारा विचार सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाला. जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये झेडएफएस ही फाइल सिस्टिम लिहायला घेतली आणि 31 ऑक्टोबर 2005 रोजी ती सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य कोडमध्ये गेली. त्यांचं म्हणणं असं: रॅमची नवी पट्टी बसवली तर तिचे वाटे कुणी पाडत नाही, प्रोग्रामना लागेल तशी मेमरी मिळते. मग डिस्कलाच हा सोपस्कार का? त्यांनी सगळ्या डिस्कचा एक पूल, म्हणजे सामाईक साठा, केला. त्यावरच्या फाइल सिस्टिमला स्वतःचा आकारच नाही. ज्याला लागेल त्याने पुलातून घ्यावं, हवं तर कोटा बांधावा.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. बागलाणात मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धतीने पाणी वाटलं गेलं ते याच रीतीने. बंधाऱ्याचं पाणी सगळ्या गावाचं, कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या कुठल्या गटात, काय लावायचं ते मिळून ठरवायचं आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडायचं. बंधारा भरला की सगळ्यांचं भागतं, कुणाचं शेत सरकवावं लागत नाही.

तरी पूलही कुठल्या तरी डिस्कवरच उभा असतो आणि त्या डिस्कची हद्द त्याने लिहून ठेवलेली असते. झेडएफएस प्रत्येक डिस्कवर स्वतःच्या ओळखपत्राच्या चार प्रती ठेवते, प्रत्येकी 256 केबीच्या. दोन सुरुवातीला, दोन शेवटाला, म्हणजे एक टोक खराब झालं तरी दुसऱ्यावरून पूल ओळखता येतो. डिस्क वाढली की शेवटच्या दोन प्रती नव्या शेवटाला जायला हव्यात. हे आपोआप व्हावं अशी ऑटोएक्स्पांड नावाची कळ आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करायची, नाहीतर डिस्क वाढल्याचं पुलाला हाताने सांगायचं.

शेवटाला प्रत ठेवण्याची हीच काळजी जीपीटीनेही घेतली. 1983 च्या तक्त्याची 2 टीबीची मर्यादा ओलांडण्यासाठी इंटेलच्या ईएफआय या संगणक सुरू करण्याच्या व्यवस्थेच्या कामातून हा नवा तक्ता आला. त्यात मूळ प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि राखीव प्रत अगदी शेवटच्या 33 सेक्टरमध्ये. खऱ्या लोखंडी डिस्कचा शेवट कधी हलत नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. व्हर्च्युअल डिस्कचा शेवट हलतो. 40 ची 100 केली की राखीव प्रत 40 व्या जीबीवरच अडकते आणि तिच्यापलीकडे 60 जीबी ओसाड. पार्टिशन आखायचं पार्टेड हे साधन उघडलं तर ते विचारतं: सगळी जागा वापरात दिसत नाही, दुरुस्त करू की दुर्लक्ष करू? पहिल्यांदा हा प्रश्न पाहणारा घाबरतो, तक्ता बिघडला असं त्याला वाटतं. बिघडलेलं काही नसतं. दुरुस्त कर म्हणायचं, राखीव प्रत नव्या शेवटाला जाऊन बसते.

शेवट हलू शकतो, हे फाइल म्हणून ठेवलेल्या डिस्कमुळे घडलं. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन 1999 मध्ये आलं आणि साध्या पीसीवर अख्खी डिस्क ही एक फाइल झाली. ती बहुतेकदा भरेल तशी फुगते, 40 जीबी ही फक्त कमाल मर्यादा. ती वाढवणं म्हणजे फाइलच्या माथ्यावरचा आकडा आणि आतले तक्ते बदलणं, क्षणाचं काम. तरी व्हर्च्युअलबॉक्स या तशाच प्रोग्राममध्ये ही सोय डिसेंबर 2010 च्या 4.0 आवृत्तीत आली. तोवर लोक नवी मोठी डिस्क बनवून जुनी तिच्यावर उतरवत होते. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, असताना व्हीएमवेअर अजूनही डिस्क वाढवू देत नाही, कारण स्नॅपशॉटनंतरचे फक्त बदल वेगळ्या फाइलीत साठतात आणि ती फाइल जुन्या आकाराच्या मूळ डिस्कवर विसंबलेली असते.

पॅकहाउसच्या मशीनवर जीपीटी नव्हतं, 1983 चाच तक्ता होता. जुन्या उबुंटू इन्स्टॉलरची ती ठरलेली मांडणी: पहिलं पार्टिशन रूटचं, म्हणजे सगळ्या फाइलींचं, त्याला खेटून एक्स्टेंडेड आणि त्याच्या पोटात पाचव्या क्रमांकाचं स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यास वापरायची जागा. नवे 60 जीबी स्वॅपच्या पलीकडे. मधला पट्टा परक्याचा, तो हा. स्वॅप बंद केलं, पाचवं आणि दुसरं पार्टिशन काढलं, ग्रोपार्ट या साधनाने पहिलं टोकापर्यंत ओढलं आणि रिसाइझ-टू-एफएस चालवलं. सहा-सात सेकंदांत डीएफ या जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये 98 जीबी दिसले. एक चूक माझ्याकडून झाली. एफएसटॅब, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी, तिच्यातली स्वॅपची ओळ मी काढली नाही. पुढच्या आठवड्यात मशीन रीस्टार्ट केलं तेव्हा ते नसलेल्या पार्टिशनची 90 सेकंद वाट पाहत थांबलं आणि पॅकहाउसमध्ये सगळे हात थांबवून उभे राहिले. तेव्हापासून काढलेल्या प्रत्येक पार्टिशनची आयडी मी एफएसटॅबमध्ये आधी शोधतो.

एप्रिलमध्ये हंगाम आटोपला आणि त्याच मुलाचा फोन आला. "दादा, आता परत 40 करता येईल का? भाडं तरी वाचेल."

हिशेब त्याचा बरोबर होता, पण वाढवण्याची वाट उलट चालता येत नाही. वाढवताना खालच्या थरापासून वर जायचं, कमी करताना वरून खाली यायचं, आणि वरचा थरच आधी अडतो. शेवटच्या भागात ज्या फाइलींचे तुकडे पडलेत ते उचलून अलीकडे आणायचे, आणि जिथे जिथे त्यांचा पत्ता लिहिलाय तिथे तो बदलायचा. एक्स्ट4 हे करते, पण अनमाउंट करूनच, म्हणजे वापरातून बाहेर काढूनच. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम सिलिकॉन ग्राफिक्सने 1994 मध्ये आणली ती मोठ्या, वाढत्याच जाणाऱ्या साठ्यांसाठी. त्यामुळे ती व्यवहारात लहान होतच नाही, आणि रेड हॅटने 2014 मध्ये आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तीच मूळ निवड केली. झेडएफएसच्या पुलातून डिस्क काढून घेण्याची सोय लिनक्सवर 2019 साली आली, तीही रेडझेड, म्हणजे डिस्क बिघडली तरी माहिती वाचवणारी मांडणी, असेल तर नाही. ॲमेझॉनने 2017 मध्ये आपल्या क्लाउडवरच्या चालू मशीनची डिस्क मोठी करायची मुभा दिली, लहान करायची आजही नाही. आमच्या भाड्याच्या मशीनवरही नव्हती.

मग व्हीएम/370 वाले करत होते तेच केलं. 50 जीबीची नवी डिस्क घेतली. जुन्या हंगामांचे फोटो वेगळे काढल्यावर उरलेला 22 जीबीचा मजकूर रात्रीतून तिच्यावर उतरवला. या वेळी मांडणी बदलली, रूट सगळ्यात शेवटी आणि स्वॅप फाइलमध्ये. सकाळी मशीन नव्या डिस्कवरून उठलं. दोन दिवस जुनी डिस्क तशीच ठेवली, लेबलं नीट निघतायत याची मुलाकडून खात्री करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी ती सोडून दिली.